झाडापेक्षा जुनी फांदी

"सपना, असशील तशी हट्ट्याला ये," फोनवर सुरजचा आवाज घाईचा होता. "माय सकाळपासून शेतात बसली आहे. म्हणते, माझं झाड चोरीला गेलं."

"कोणतं झाड?"

"बाबांचं."

"तोडलं कोणी?"

"तेच तर सांगतोय. झाड जागेवर उभं आहे. फुललंयसुद्धा."

सपनाने स्कूटी वसमतच्या रस्त्यावरून हट्टा गावाकडे वळवली. ती या भागातली कृषी सहाय्यक. बीएस्सी वनस्पतिशास्त्र घेऊन झालेली, त्यामुळे लोक तिला पिवळ्या पडलेल्या पानांपासून न फुटणाऱ्या मोसंबीपर्यंत सगळं दाखवत. पण उभ्या झाडाची चोरी तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

त्या झाडाची गोष्ट तिला माहीत होती. कॉलेजची दोन वर्षं ती सुरजच्या आईच्या, द्वारकाबाईंच्या घरी भाड्याच्या खोलीत राहिली होती. खोली भाड्याची, भाकरी फुकटची. दर राखीपौर्णिमेला ती सुरजला राखी बांधत आली होती. सटवाजी, म्हणजे सुरजचे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. सेनगावच्या मुक्कामाच्या गाडीवर असताना त्यांनी कुठूनसं बाटलीब्रशचं रोप आणून तेलाच्या डब्यात लावलं होतं. सात वर्षांपूर्वी ते गेले. घरच्यांनी राख नदीत सोडली नाही. शेताच्या कोपऱ्यात खड्डा केला, त्यात राख टाकली आणि वर ते रोप लावलं. तेव्हापासून द्वारकाबाई रोज तिथे जाऊन बसायच्या आणि घरातलं सगळं त्याला सांगायच्या.

शेतात हळद शिजवायचं काम चाललं होतं. कुकरची वाफ आणि कच्चट पिवळा वास रस्त्यापर्यंत येत होता. कोपऱ्यात झाड दिसलं. पुरुषभर उंचीच्या वर गेलेलं, फांदीफांदीच्या टोकाला लालभडक कुंचे. बुंध्याभोवती नवा कोरा सिमेंटचा ओटा. द्वारकाबाई मात्र ओट्याला पाठ करून मातीत बसल्या होत्या.

"मावशी, एवढा चांगला ओटा आहे. खाली काहून बसलीस?"

"परक्याच्या ओट्यावर कोण बसतं, सपे?"

वसमतला राहून पाइपांचा धंदा करणारा सुरज मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "बघितलंस? नांदेडला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि आता आम्ही सगळेच परके दिसतो तिला."

"डोळ्याचं नको सांगू मला," द्वारकाबाई फणकारल्या. "दोन वर्षं मला धड दिसतच नव्हतं. मी झाड हातानं बघत होते. आता डोळ्याला बराबर दिसून राहिलं, पण हाताला वळख पटंना."

"काय वेगळं लागतं हाताला?"

"ते मला सांगता येत न्हाई. लेकरू अंधारात कुशीत आलं तर आपलं का दुसऱ्याचं हे कळतं का न्हाई? तसं." त्यांनी सपनाचा हात धरला. "सपे, गावात मला येडी म्हणून राहिलेत. तू शिकलेली. तू म्हणलीस की झाड तेच हाय, तर मी मान्य करीन. मंग मी खरंच येडी झाले असंन. मंग सोमवारी काही मी रजिस्ट्रीला जायची न्हाई."

"कसली रजिस्ट्री?"

उत्तर वैष्णवीने दिलं. द्वारकाबाईंची थोरली सून. तिचा नवरा माऊली अपघातात गेला, तेव्हापासून शेती तीच बघत होती. हळदीने पिवळे झालेले हात पदराला पुसत ती म्हणाली, "आत्याबाई रस्त्याकडचं रान माझ्या नावानं करणार आहेत. मी नको म्हणाले होते."

"मी म्हणलं होतं का काही?" सुरज हसला. "वहिनी राबते, तिला मिळालं पाहिजे. पण माय अशी बोलायला लागली तर उद्या लोक म्हणतील, येड्या बाईकडून अंगठा घेतला. म्हणून तर सपनाला बोलावलं. झाड तेच आहे एवढं तिनं सांगितलं की मायच्या जिवाला शांतता."

सपना ओट्यावर चढली.

बाटलीब्रशची एक खोड असते. त्याचा फुलांचा कुंचा फांदीच्या टोकाला येतो, पण फांदी तिथे थांबत नाही. कुंच्याच्या मधून निघून ती तशीच पुढे वाढत जाते. लाल केसर झडले की मागे बारीक, कठीण, बटणासारखी फळं राहतात, फांदीला घट्ट वेढून. पुढच्या मोसमात त्याच फांदीवर थोडं वर दुसरा वेढा. फांदी जिवंत आहे तोवर ही फळं उघडत नाहीत आणि सहसा गळतही नाहीत. वर्षानुवर्षं तशीच बसून राहतात.

सपनाने एकेक फांदी बोटांमधून ओढून पाहिली. यंदाची फुलं. त्यांच्या खाली एक वेढा. त्याच्या खाली दुसरा. मग गुळगुळीत साल.

तिने दुसरी फांदी घेतली. तिसरी. सगळ्यात जाड, सगळ्यात खालची. दोनच्या पुढे एकही गेली नाही.

"छाटणी कधी केली होती?"

"हात तोडला असता मी छाटणाऱ्याचा," द्वारकाबाई म्हणाल्या.

सपनालाही कापल्याची खूण कुठे दिसली नाही. ती खाली उतरली आणि सवयीने बांधाच्या कडेने चालत गेली. पलीकडचं शेत तातेरावांचं, सटवाजींच्या चुलतभावाचं. मध्ये बाभळीच्या काट्यांचं कुंपण. त्या काट्यांत एक वाळकी फांदी खुपसलेली होती. तिची पानं करडी झाली होती. वेढ्यांमधली फळं उघडून त्यांची तोंडं वासली होती, आणि हलवल्यावर त्यातून धुळीसारखं बी सांडलं.

बाटलीब्रशच. आणि वेढे होते पाच.

सपना ती फांदी घेऊन परत आली आणि तिने ती द्वारकाबाईंच्या हातात दिली. म्हातारीची बोटं खालून वर सरकली. एका वेढ्यावरून दुसऱ्यावर. आणि तिचा चेहरा उजळला.

"हेच! हेच की गं! कुठं घावलं तुला?"

"या पट्ट्यात दुसरं बाटलीब्रश कोणाकडे आहे?"

"कोनाकडंच न्हाई," वैष्णवी म्हणाली.

"मग ऐका. ही फांदी या झाडाची असूच शकत नाही. ती या झाडापेक्षा जुनी आहे." सपनाने ओट्याकडे बोट दाखवलं. "मावशी, तू येडी नाहीस. झाड बदललंय."

सुरजचं तोंड उघडंच राहिलं. "काय बोलतेस तू? झाड कोण बदलेल? काहून बदलेल?"

"तेच मलाही कळत नाही," सपना म्हणाली.

तातेराव हळदीच्या ढिगापाशी पोती शिवत बसले होते. फांदी बघून त्यांनी दाभण खाली ठेवलं.

"तुमच्या कुंपणात सापडली, काका."

"तर? मी चोरलं का काय झाड? काय करायचंय मला, भाजी?"

"भांडण होतं ना तुमचं?"

"भांडण बांधाचं. ते आमच्या बापजाद्यापासूनचं हाय, चांगलं चालू हाय. सटवाजीच्या राखंशी कसलं भांडण?"

"मावशी ऑपरेशनला गेली तेव्हा इथे कोण आलं होतं?"

"गवंडी आले. ओटा बांधाय. चारीबाजूनं हिरवी जाळी लावली होती. म्हणलं, नवी नवरी बसवली का काय आत? तर म्हणले, सिमेंटाला ऊन लागू नये."

"कोणी लावले होते ते गवंडी?"

"सुरजनं. त्यो म्हणला, वहिनीनं नांदेडहून फोनवर सांगितलंय, माय यायच्या आत ओटा झाला पाहिजे."

सपना वैष्णवीकडे परत आली. वैष्णवी कुकरचं झाकण उघडून हळदीच्या कांड्यात काडी टोचून बघत होती.

"ओटा बांधायला तुम्ही सांगितलं?"

"मी? मला तर परत आल्यावर दिसला. सुरजभाऊंनी मायसाठी केला असंल म्हणून बरं वाटलं होतं."

"नांदेडला किती दिवस होतात तुम्ही?"

"पंधरवडा. माझ्या माहेरीच. तासातासाला डोळ्यात थेंब टाकायचे. आत्याबाईंना सोडून मी दुकानापर्यंतसुद्धा गेले नाही." ती थांबली. "सपनाताई, माझ्यावर संशय हाय का तुमचा?"

"सगळ्यांवरच आहे," सपना म्हणाली आणि तिला स्वतःलाच ते बोलणं कडू लागलं.

सुरज स्कूटीपाशी थांबला होता. "हे बघ, फांदीबिंदी सोड," तो समजुतीने म्हणाला. "कुठल्या तरी शाळेतून वाऱ्यानं आली असंल. तू मायला उगं आशा लावून राहिलीस. दोन ओळी लिहून दे की झाड तेच आहे. नांदेडच्या डॉक्टरला दाखवायचंय तिला, त्यांनी विचारलं तर कागद असावा."

"लिहीन. खात्री झाली की लिहीन."

एवढं मोठं, फुलायला आलेलं बाटलीब्रश कोणी रानातून उपटून आणत नाही. ते विकत मिळतं. जवळा बाजार गावच्या रस्त्यावर रामसिंगची रोपवाटिका होती, आणि मोठ्या पिशवीतली शोभेची झाडं त्या भागात तोच ठेवायचा.

"बाटलीब्रश? गेलं की एक," रामसिंग नळी बाजूला टाकत म्हणाला. "तीन-चार सालापासून सांभाळलं होतं. माझं सगळ्यात देखणं झाड."

"कोणी नेलं?"

"हट्ट्याच्या वैष्णवीबाईंनी."

"त्या स्वतः आल्या होत्या?"

"न्हाई. फोन आला. वैष्णवीबाईंच्या नावानं गाडीत भरा म्हणले."

"फोनवर बाई होती?"

"बाप्या होता. मला काय, नाव कोनाचं बी असू दे. पिकअप आला, दोन मजूर होते, घेऊन गेले."

"मजूर काही बोलले?"

रामसिंग डोकं खाजवत आठवू लागला. "गेले तवा काई न्हाई. पन सांजच्याला पिकअपवाला पुन्हा आला. मुळं फुटायची पावडर द्या म्हणला. मी हसलो. म्हणलं, अरे बाबा, पिशवीतल्या झाडाला पावडर कशाला? मातीच्या गड्ड्यासकट लाव, लागतंय. तर म्हणतो, मालकानं सांगितलंय, घेऊनच ये. वरून पाला झाकायला जाळी पन नेली."

सपना टपरीवरचा चहा हातात धरून उभी राहिली. चहा निवत गेला.

नव्या झाडाला ती पावडर नको होती. ती लागते मुळं तुटलेल्या झाडाला. म्हणजे कोणीतरी जुनं झाड उपटलं होतं आणि ते जगावं म्हणून धडपडत होतं. चोर चोरीचा माल गायब करतो. हळदीच्या दिवसांत तर प्रत्येक शेतात भट्टी पेटलेली. एक झाड तोडून सरपणात टाकलं असतं तर राखेचासुद्धा पत्ता लागला नसता. हा चोर मात्र त्याला पाणी घालत होता.

असा चोर कोण असेल?

उत्तर तिला लगेच सुचलं. सुचल्यावर तिने ते दोनदा खोडून पाहिलं. ते खोडलं जाईना. मग ती हट्ट्याला न जाता वसमतला गेली, एका गोदामाच्या मागची बोळ धरली आणि भिंतीवरून डोकावली. तिथे जे होतं ते बघून ती बराच वेळ स्कूटीचा आरसा धरून उभी होती. आरशात स्वतःकडे बघायचं मात्र तिने टाळलं.

दिवेलागणीला द्वारकाबाईंच्या ओसरीवर सगळे जमले. तातेरावांनाही बोलावलं होतं. सुरज खांबाला टेकून बसला होता.

"सापडला का चोर, इन्स्पेक्टरबाई?" त्याने विचारलं.

"मी चुकीचा प्रश्न विचारत होते," सपना म्हणाली. "झाड कोणी चोरलं, असा. खरा प्रश्न निराळा होता. एक झाड काढून त्याच जागी त्याच जातीचं, तेवढंच उंच झाड लावून फायदा कोणाला? झाडाची किंमत नाही. जागा बदलली नाही. गावात कोणाला फरक कळला नाही. फक्त एका माणसाला कळला."

"मला," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हो. ज्यानं हे केलं, त्याला तेच हवं होतं. फरक मावशीला कळावा आणि बाकी कोणालाच दिसू नये. मग मावशी ओरडणार, माझं झाड बदललं. लोक बघणार, झाड तर उभं आहे. आणि म्हणणार, म्हातारी भ्रमिष्ट झाली. भ्रमिष्ट बाईची रजिस्ट्री कोण करतं?"

"म्हंजे रजिस्ट्री मोडायची होती," तातेराव हळू म्हणाले.

"तेवढ्यासाठीच सगळं. मावशी नांदेडला असताना काम उरकलं. आत काय चाललंय ते दिसू नये म्हणून हिरवी जाळी. उकरलेली माती दिसू नये म्हणून ओटा. डोळ्याचं ऑपरेशन तर आयतंच मिळालं. नवीन दिसायला लागलं म्हणून गोंधळली, असं सांगायला. आणि कधी उघडकीला आलंच तर नाव कोणाचं यावं? वैष्णवीवहिनींचं. ओटा त्यांनी सांगितला. झाड त्यांच्या नावावर नेलं. पण वहिनी तर मावशीच्या उशाशी बसल्या होत्या. आणि रान त्यांनाच मिळणार होतं. त्या कशाला मावशीला येडी ठरवतील?"

"मग मी?" तातेराव म्हणाले. "माझ्या कुंपणात फांदी होती."

"तुम्ही असता काका, तर ते झाड भट्टीत गेलं असतं. जाळीआडून ओढून नेताना एक फांदी मोडली, मजुरांनी जवळच्या काट्यात खुपसली. बाकीचं झाड मात्र जपून नेलं. मुळासकट, काळ्या मातीसकट. मुळांना पावडर लावली. सावली केली. या चोराला सगळं करता आलं, फक्त एक करता आलं नाही. ते झाड त्याला जाळता आलं नाही. कारण त्या झाडाखाली ज्याची राख आहे, त्या माणसाला त्यानं एकदा अग्नी दिला होता. थोरला होता माऊली, पण तो तेव्हा पुण्याहून पोचू शकला नव्हता. मडकं कोणाच्या खांद्यावर होतं, मावशी?"

द्वारकाबाईंनी सुरजकडे पाहिलं. ऑपरेशन झालेल्या, स्वच्छ डोळ्यांनी.

"वसमतला तुझ्या पाइपांच्या गोदामामागे मुरमाड जागा आहे, सुरज," सपना म्हणाली. "गवतसुद्धा नीट उगवत नाही तिथे. त्या मुरमात एका जागी काळी माती आहे, आणि वर जाळी बांधलेली. मी बघून आले."

सुरज हसायचा प्रयत्न करत होता. ते जमलं नाही. "सपना, तू माझ्या बाजूची आहेस का..."

"म्हणूनच तर मला बोलावलंस. कृषी सहाय्यक. बीएस्सी. मायची लाडकी. मी म्हटलं झाड तेच, की माय स्वतःच मान्य करणार, मला भ्रम झाला. डॉक्टरचीसुद्धा गरज नव्हती. तुला वाटलं, मी फुलं बघीन, पानं बघीन आणि भावाचा शब्द म्हणून दोन ओळी लिहून देईन. फांदी सापडली नसती तर कदाचित दिल्यासुद्धा असत्या. माझ्या हातून मावशीला येडी ठरवणार होतास तू."

"माझ्या बापाचं रान हाय ते!" सुरज एकदम उठला. "माऊली गेला, मंग मी कोण? परक्या घरची पोरगी मालकीण, आणि मी पाइपं विकत बसायचं? मी माय-बापाला काय तकलीफ दिली आजवर? झाड मारलं का मी? रोज सकाळी उठून पाणी घालून राहिलोय त्याला!"

"बस खाली," द्वारकाबाई म्हणाल्या.

तो बसला.

"रान मागितलं असतंस तर भांडले असते तुझ्याशी. शिव्या दिल्या असत्या. काय सांगावं, दिलं बी असतं थोडं." त्या संथ बोलत होत्या, जणू झाडापाशीच बसल्या आहेत. "पन तू बसून इचार केलास. या जगात ते झाड हातानं वळखणारी एकच बाई हाय, आपली माय. ही मायाच पकडू, आन तिच्यानंच तिला पाडू. इतकं बराबर वळखलंस रे मला. तुझ्या बापानं बी इतकं वळखलं नव्हतं."

सुरजने मान खाली घातली.

"तातेराव, तुमी ऐकून ठेवा. बांधावर भांडलात तरी तुमी घरचे." द्वारकाबाईंनी वैष्णवीचा पिवळा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. "मी मेल्यावर मडकं हिच्या खांद्यावर. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. ह्याचा हात माझ्या सरणाला लागू देऊ नका."

"माय..." सुरजच्या तोंडून एवढंच निघालं. मग तो सपनाकडे वळला. "तू तरी सांग तिला. तुझं ऐकते ती."

सपनाला त्याच्या मनगटाकडे बघवेना. "सोमवारी रजिस्ट्रीला साक्षीदार लागतील," ती म्हणाली. "एक सही माझी."

"दुसरी माझी," तातेराव म्हणाले.

सुरज उठून चपला शोधू लागला. अंधारात त्याला त्या सापडत नव्हत्या. द्वारकाबाईंनी ओसरीवरचा दिवा लावायला सांगितला.

"वैष्णवी, तांब्या भरून आण गं," त्या म्हणाल्या. "पाव्हण्याला पानी दे. वसमतपर्यंत जायचंय त्याला."